पाण्याचा दिवस सोडून

पहिली अडचण, या गावात डोंगर नाही.
उंच म्हणजे बंद गिरणीचं धुराडं,
त्यावर घारी बसतात.
त्याच्या सावलीत पळून जाऊन लग्न केलं
तर अर्ध्या तासात अशोक चौकात कळतं.

म्हणून येडशीच्या पुढे,
जिथं बालाघाटाला एकदम खोल घळ पडते
आणि फॉरेस्टवाल्यांची पाटी गंजलीय,
तिथं, असं इरण्णा म्हणतो.
बंद पडलेल्या एसटीचं चाक बदलायला गेला होता एकदा,
रात्रभर अडकला.
कोल्हे ओरडत होते म्हणाला,
आणि सकाळी सीताफळं, कुणाचीच नसलेली.
एवढं तो एका दमात कधी बोलत नाही.
बहुतेक तेव्हाच मी हो म्हटलं.

मी चोपन्नची, तो एकसष्टचा.
पळायचं म्हटलं की माझे गुडघे आधी विचारतात,
चढ किती आहे.

तारखेसाठी वही काढली,
टॉवेलच्या डझनांचा हिशोब लिहायची तीच.
पाचव्या दिवशी पाणी येतं, रात्री दीडला, कधी अडीचला.
त्या रात्री बाई घरात नसली
तर पळाली असं कुणी म्हणत नाही,
मेली असं धरतात.
म्हणजे मधले दिवस.

कडक भाकरी वीस. महिनाभर टिकतात, दात टिकले तर.
शेंगाचटणी, मोठ्या डब्यात.
फुलं मात्र धाराशिवच्या आधीच माना टाकतील,
म्हणून हार सुताचे.
आमच्या कारखान्यातलं तुटकं सूत
पोत्यानं त्याच्या डेपोत जायचं,
ग्रीसचे हात पुसायला. एकतीस वर्षं.
मी कापून टाकलेल्या दोऱ्यांना तो हात पुसत होता
आणि आमची ओळख
शेवटी सरकारी दवाखान्याच्या रांगेत झाली.

साक्षीदार.
दस्तगीर येतो म्हणाला, जीपसकट.
पण तो लवकर रडतो,
इंजिन उतरवतानाही रडलेला आहे.
दुसरा कोण, विचारलं, तर इरण्णा म्हणे, डोंगर.
म्हटलं, अंगठा कुठला घेणार त्याचा?
कचेरीतला कागद नंतर बघू.
तिथं महिनाभर नोटीस लावतात भिंतीवर, नावानिशी,
आणि त्या भिंतीसमोरच
माझ्या जावयाचं झेरॉक्सचं दुकान.

मंत्रांचं काय?
तो कन्नडात काहीतरी म्हणेल, मी तेलुगूत.
भांडण मराठीत करू.

त्याच्या खिशात महादेवीचा फोटो असतो,
कडा मऊ पडलेला.
काढून ठेवू का, विचारलं त्यानं,
माझ्याकडे न बघता.
राहू दे, म्हटलं. जीपमध्ये जागा आहे.
माझा नवरा भिवंडीला मागावर गेला
तो तिकडचाच झाला, मेला तोही तिकडेच.
त्याचा फोटो मी आणणार नाही.
इरण्णानं नुसती मान हलवली
आणि माझ्या चहातली माशी काढली.

काल वही उघडली.
'भाकरी वीस'च्या खाली निळ्या शाईत:
बीपीच्या गोळ्या, चार दिवसांच्या. मफलर.
श्रीलताचं अक्षर.
ळ ला तीच लांब शेपटी,
जिच्यासाठी शाळेत पट्टी खाल्ली होती.
ती आत कुकरच्या शिट्ट्या मोजत होती,
पाठ माझ्याकडे.
मी काही बोलले नाही.
चारचे तीन केले, तेवढंच.

रात्री दोनला नळ खाकरला.
दोघी उठलो. मी पिंप सरकवलं, तिनं पाईप धरला.
पाण्याला आधी हवा असते, मग गंज, मग पाणी.
पहिली घागर भरेपर्यंत ती गप्प.
मग अंधारातच म्हणाली,
पुढचं पाणी रविवारी, अम्मा.
गुरुवार शुक्रवार मोकळे आहेत.