दवाखान्याचा फळा

साडेआठला शटर वर गेलं
की पहिलं काम खडूचं.
मगदूम डॉक्टर येतात दहाला.
तोवर निपाणीच्या ह्या गल्लीला
जे काय सांगायचं ते मीच सांगते,
वर कन्नड, खाली मराठी.
कन्नड मी पोरीच्या पाटीवरून शिकले,
अजून तिलाच विचारते,
ह्याचं शेपूट कुठल्या अंगाला?

नीरु कुदिसि कुडियिरि.
पाणी उकळून प्या,
कोपऱ्यावरची पाइप पुन्हा फुटलीय.
साखर तपासायची तर रिकाम्या पोटी या.
गुरुवारी बाळांचे डोस, पिवळं कार्ड विसरू नका.
विड्या वळून झाल्या की हात साबणानं धुवा,
मगच पोराला घास.

ही शेवटची ओळ बारा वर्षं पुसलेली नाही.
नुसती गिरवते.

सुपं चपलांशेजारी ठेवा
असं कुणी लिहिलेलं नाही, तरी ठेवतात.
बाकावर टेकल्या तरी बोटं थांबत नाहीत,
पदराचं टोक वळत राहतात.
काशव्वा म्हणते, एदी उरीती.
हसीना म्हणते, छाती जलती.
तानुबाई म्हणते, आत नुसती आग हाय बघा.
डॉक्टर तिघींच्या पाठीला तोच नळा लावतात,
तेच विचारतात,
तंबाखू घरात कुठं ठेवता?
उशाला,
तिघी सांगतात.

एकदा काशव्वानं बोट दाखवलं,
ती मधली लांब ओळ कसली गं?
म्हटलं, रिकाम्या पोटी या.
तोंडाला पदर लावून हसली,
त्याला खडू कशाला घालवतीस?

मला एक ठाऊक होतं, फळ्यावर नसलेलं.
दुपारी दोनला, मागच्या मोरीपाशी
काडी ओढल्याचा आवाज,
मग खोकला.
पेशंट सगळे तेव्हा घरी गेलेले असायचे.
थोटकं मी कागदात गुंडाळून
लांबच्या कोंडाळ्यात टाकत आले,
बारा वर्षं तीही.

मंगळवारी वहिनींचा फोन आला.
बेळगावला नेलंय.
फोटोत डाग दिसतोय,
अजून नक्की काही नाही, कुणाला बोलू नको.
फळ्यापुढं उभी राहिले.
खडू दोनदा मोडला.
डॉक्टर शनिवारदवरेगे इल्ला.
डॉक्टर शनिवारपर्यंत नाहीत.
कारण लिहिलं नाही,
पण ह्या गल्लीत कारण
फळ्याच्या आधी पोचतं.

बुधवारी बाक भरला.
कुणाला ताप नव्हता, कुणाला पट्टी बांधायची नव्हती.
बसल्या, नुसत्याच.
मग काशव्वा म्हणाली, खडू घे. लिही.
डॉक्टरला लिही.

रात्री हळद घालून गरम पाणी प्यायचं.
डबी उशाला ठेवायची नाही.
मोटरसायकल पोराला द्यायची, आता रिक्षानं यायचं.
हसीना म्हणाली, और लिखो,
मागच्या दारानं जाऊ नका साहेब,
धूर पुढच्या दारानं बाहेर येतो.

माझा हात तिथंच राहिला.
तुम्हाला म्हाईत होतं?
वास कळंना व्हय, तानुबाई म्हणाली,
आमच्याच हातची ती.
आणि एकदम गप्प झाली.
स्वतःच्या बोटांकडं बघत बसली,
पिवळ्या पडलेल्या,
जणू त्यातलीच कुठली तरी एक, कुठल्या तरी दुपारी,
तिनंच वळून दिली होती.

लिहिलं मी सगळं.
वर कन्नड, खाली मराठी.
एक काना चुकला,
संध्याकाळी पोरीनं टाचा उंचावून नीट केला.

उठताना काशव्वा दारात थांबली.
ती लांब ओळ त्याच्यापण खाली लिही,
शनिवारी रिकाम्या पोटी या म्हणावं.
भाकरी मी आणते.

फळा काठोकाठ भरला.
गुरुवारच्या डोसाला जागाच उरली नाही.
तो मग भिंतीवर लिहिला,
खिडकीखाली, कोळशानं.