घरघर

मागचे स्क्रू काढताना दस्तगीर म्हणाला,
"ह्यात पाणी गेलतं न्हवं?"
गेलं होतं. कपाटाच्या दुसऱ्या फळीपर्यंत.
वरच्या फळीवर देव होते, आणि रेशनकार्ड.

गणपती पेठेत त्याचं दुकान,
स्टुलापेक्षा जरा मोठं.
नऊ व्होल्टचा सेल त्याने
वूफरच्या दोन टोकांना नुसता टेकवला:
टक्.
काळा कागदी पडदा पुढे आला, मागे गेला,
झोपेतल्या माणसाने 'ओ' देऊन
पुन्हा कुशीवर वळावं तसा.
"ह्यो जिता हाय. दुखणं मागं हाय."

मागे एक कपॅसिटर,
डोक्यावर टेंगूळ आलेला.
आणि बाजूच्या त्या गोल भोकातून,
जिथे मी आणि ताई आळीपाळीने हात घालून
ठोक्याचा वारा घ्यायचो,
खोकं उपडं करून थोपटल्यावर
ओंजळभर गाळ पडला काउंटरवर.
मऊ. वाळलेला.
कृष्णेचा.

साठ रुपये.
आवाज आला, खालचा, पोटातला.
गाणं थांबलं तरी घरघर उरलीच.
"ती जायची न्हाई," दस्तगीर म्हणाला,
"घरचं अर्थिंग बघून घ्या एकदा."

गाळ त्याने पुठ्ठ्यावर गोळा केला.
"टाकू?"
मी पिशवी पुढे केली.