पाण्यात पाहणे

या शहराच्या नावाचा अर्थ होडी.
वूच. नद्या मात्र गिरण्यांच्या काळीच
रस्त्यांखाली गाडल्या गेल्या.
म्हणून आमचा समुद्र मी बादलीत ढवळतो:
पोत्यातलं मीठ, गाळलेलं पाणी,
क्षारता पस्तीसवर आली की हात थांबवायचा.
दातांच्या दवाखान्यात, कोटांच्या खुंट्यांशेजारी,
चारशे लिटर समुद्र.

दवाखान्याला वीस वर्षं झाली तेव्हा
डॉक्टर सेवेरिना म्हणाल्या,
काहीतरी निळं आण, वालेंती.
आणलं. महिनाभर वेगळं ठेवायचं असतं
ते ठेवलं नाही.
शुक्रवारी केक कापायचा होता.

नवव्या दिवशी निळ्याच्या कल्ल्यापाशी
मिठाचे दाणे.
मीठच असेल, मी स्वतःला सांगितलं,
मिठात राहणाऱ्याच्या अंगावर मीठ, त्यात काय.
बाराव्या दिवशी पिवळा
दगडाला अंग घासत होता,
गोठ्यातलं गुरू खांबाला घासतं तसा.
विदूषकांची जोडी
कोपऱ्यात धापा टाकत होती.

अंगावर बसलेल्या त्या दाण्याला
औषध लागत नाही.
तो गळून वाळूत पडतो, कवच धरतो,
तेव्हाही लागत नाही.
मग एका दाण्याची शंभरएक पिल्लं फुटतात
आणि नवं घर शोधत निघतात, उघडी,
तेवढेच काही तास.
म्हणजे मी आजाराला नाही,
आजाराच्या प्रवासाला मारायचं.

लोक देव पाण्यात ठेवतात.
मी तांबं ठेवलं.
मागच्या खोलीत, एक्स-रेच्या यंत्राजवळ,
वाळू नसलेली, दगड नसलेली काचपेटी;
लपायला प्लंबरकडून आणलेले
नळीचे तुकडे.
तांबं कमी पडलं तर उपयोग नाही,
जास्त झालं तर मासेच जातात.
रोज सकाळी परीक्षानळीत पाच मिलिलिटर,
वर थेंब, खिडकीशी धरून
निळसरपणा कार्डाशी ताडायचा.
जाळी वेगळी. बादली वेगळी.
ओल्या बाहीतूनसुद्धा तो प्रवास करतो.

हिरवा वाळूत शिरून झोपतो.
त्याला धरायला
चार वर्षं रचलेला खडक मी रात्री मोडला.
पिवळा तिसऱ्या दिवशी गेला.
निळा, ज्याने आणलं, तो जगला.
त्याला मी बरेच दिवस पाण्यात पाहिलं,
दोन्ही अर्थांनी.
पण त्याने काय केलं होतं?
केक मी खाल्ला होता.

बाहेरची पेटी रिकामी. दिवे चालू, पंप चालू.
शहात्तर दिवस एकही मासा नाही,
म्हणजे आत उरलेल्यांना
घर मिळणार नाही, उपाशी मरतील.
हाच उपचार.
लोकांना हे सांगणं कठीण.
कवळीसाठी येणारे ओशिक आजोबा,
जन्मभर मागावर बसलेले,
काचेकडे बघून विचारत,
चालू आहे की बंद?
दोन्ही, मी म्हणायचो.
ते मान हलवत, जणू असा माग
त्यांनी पाहिलेला होता.

ग्न्येव्कोच्या दातांची तार
दर चार आठवड्यांनी आवळली जायची.
पहिल्या खेपेला त्याने विचारलं, मेले का?
दुसऱ्या खेपेला विचारलं नाही.
खुर्ची काचेला लावून बसला,
आईने दोनदा हाक मारली तरी.
मला वाटलं, वाट बघतोय.

शहात्तराव्या दिवशी मी थांबलो.
सत्त्याहत्तराव्यालाही.
भीती. दुसरं काही नाही.
ऐंशीव्या दिवशी, सकाळी सातला,
कुणी यायच्या आत, एकेक करून सोडले.
हिरवा वाळूत घुसला तो दोन दिवस दिसला नाही.
निळ्याने आरशासारखी काच चाटली.
विदूषक जुन्या कोपऱ्यात गेले,
कोपरा मी बदलला होता.

ग्न्येव्को दहाला आला. मासे दाखवले.
हं, म्हणाला.
मग गुडघ्यांवर बसून खालच्या काचेशी
काहीतरी शोधू लागला.
हिप्पोलिता कुठे गेली?
कोण?
गोगलगाय.
तिला मी विसरूनच गेलो होतो.
तांब्याने ती मेली असती, म्हणून मागे ठेवली होती,
ऐंशी दिवस, एकटी,
काचेवरचं शेवाळ खात.

पंपाच्या मागे सापडली.
तिथे आहे, तो म्हणाला,
आणि तोंड उघडायला आत गेला.