नऊ नंबर

पाडव्याच्या पणत्यांचं तेल अजून ओट्यावर होतं
तेव्हाच आत्याबाईंनी हवा हुंगली,
म्हणाल्या, यंदा लवकर येती.
कोण येती ते विचारावं लागलं नाही.
खोबरेलाची बाटली सकाळी पांढरी झालेली.

मग पेटी काढली.
लिंबाच्या पाल्याचा चुरा, चुऱ्यात स्वेटरं.
प्रणिताचं तिला हातात आखूड झालंय,
ते मुंजाजीच्या पोराला.
मुंजाजीच्या पोरीचं प्रणिताला,
त्याच्यावर बदक. ती नववीत.
तोंड फुगवून बसली.
बस म्हणलं.

वाकळा पत्र्यावर टाकल्या, वर दगड,
वानरं आली तर आली.
वगारीला तागाच्या बारदान्याचा कोट शिवला,
सुतळीचे बंद बांधले,
तर अर्धा तास ती उलटीच चालत राहिली.
करडीच्या तेलात मेणबत्ती वितळवून
टाचांच्या भेगांसाठी एक डबी भरली.

इथपर्यंत दरवर्षीचंच.

दारामागं खुंटीला वेगळं आहे:
गफूरभाईनं सेल बदलून दिलेली बॅटरी,
कानटोपी, घुंगराची काठी,
टेस्टर, फ्यूजच्या तारेचं वेटोळं,
रबरी हातमोजा, एकच, उजवा,
आणि खाली गमबूट.

बूट ह्यांचे. नऊ नंबर.
हे दसऱ्याला चाकणला गेले, कंपनीत,
बारा तासांची पाळी, डोक्यावर छप्पर.
फोनवर म्हणाले, इथं थंडी कळतच नाही.
म्हणाले, रात्रीची लाईट असली
की मुंजाजीला सांग दारं धरायला.
मी हं म्हणलं.
मुंजाजीचा हरभरा आधी, मग आपला,
आणि आपल्या तिसऱ्या सरीला लाईट जाती.
हे फोनवर कुठं सांगत बसू.

भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलंय,
तीन दिवस दिवसा, चार दिवस रात्री,
दहा ते सहा.

डाव्या बुटाला भोक होतं.
सायकलच्या ट्यूबचा तुकडा, सोल्युशन,
वर रात्रभर पाटा.
सकाळी बुटात पाणी भरून टांगला,
खाली थेंब नाही.
पाय घातला
तर रिकाम्या हंड्यात पळी हलावी तसा हलला.
माझ्या पायाचं माप मला कुणी विचारलं नव्हतं,
चपला बाजारातून अंदाजानं यायच्या.
पाच असावं.

पाचापासून नवापर्यंतची जागा
मी कापसानं भरली, पहिल्या वेचणीच्या,
सरक्या हातानं काढून.
एखादी राहिली असावी, अंगठ्याला टोचते.
राहू दे, झोप लागणार नाही.

काल स्टार्टर शिकले.
हिरवं दाबायचं. थांबायचं. ऐकायचं.
मोटारीचा गळा बसल्यासारखा वाटला की लगेच लाल.
गफूरभाईनं दोनदा सांगितलं,
तिसऱ्यांदा मी त्याला सांगितलं.

आज गुरुवार.
भाकरीवर जवसाची चटणी जरा जास्तच घेतली.
आत्याबाई काही बोलल्या नाहीत,
अंगावरची शाल काढून
माझ्या कानटोपीवरून गुंडाळली,
हनुवटीखाली गाठ इतकी आवळली
की जबडा हलेना.
प्रणिता म्हणाली,
आई, तू माणसासारखी दिसतीस.
दात मिटूनच म्हणलं,
पहिल्यापासून.

दहाला पाच कमी.
बांधावर बूट फदक फदक वाजतात,
घुंगराची काठी उगाच आणली.
खोपीतला बल्ब अजून विझलेला.
पलीकडच्या धुऱ्यावरून बॅटरीचा उजेड आला,
माझ्या पायापाशी थांबला,
बूट ओळखले,
आणि वर चढलाच नाही.

केरबा! कधी आलास रे?
मुंजाजी ओरडला.

मी खाकरले.
तेवढ्यात लाईट आली.