गणपूर्ती

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे,
कारण माझं अक्षर बरं आहे आणि सभेत मी बोलत नाही.

निपाणीत विहाराच्या चादरींनाही तंबाखूचा वास असतो.
तो बाहेरून आलेल्यालाच कळतो.
मागच्या पौर्णिमेला आलेल्या तरुण भन्तेंना कळला.
तीनदा शिंकले, पाणी प्याले,
मग भिंतीवरच्या तसबिरीकडे बघत अगदी हळू म्हणाले,
तुमच्या शीलधर भन्तेंना उपसंपदा देताना
सहाच भिक्षू होते म्हणे.
दहा लागतात.
धागा तिथंच तुटला.

शीलधर भन्ते, ज्यांनी गल्लीतल्या बेचाळीस घरांना पंचशील दिलं,
माझं नाव ठेवलं,
माझ्या बापाच्या मातीला भर पावसात उभे राहिले.
त्या रात्री गल्लीत कुणी टीव्ही लावला नाही.

आज प्रमोद घस्ते फ्लेक्सचा नमुनाच घेऊन आला:
खाली शीलधर, वर त्यांचे गुरू, त्यावर गुरूंचे गुरू,
बाणाला बाण लावत थेट सिंहलद्वीपापर्यंत.
"गप बसलो तर उद्या कोणीबी येऊन म्हणंल,
तुमची लग्नंबी खोटी."

भाऊसो मधाळ्यांनी फ्लेक्स हातात घेतला, उलटा धरला.
मुद्दाम, की चष्मा नव्हता म्हणून,
हे इतिवृत्तात नाही.
"कोण कुणाच्या पोटचा, ह्याच कागदानं
आमास्नी पिढ्यान्‌पिढ्या वेशीभाईर ठेवलं.
त्योच परत छापून भितीला लावायचा?"

"तुमच्याकडं टाकायला कागद तरी होता, आबा,"
कोमल सनदी म्हणाली.
"माझ्याकडं हा एकच हाय."
आणि तिनं विनयाचं पुस्तक उघडलं, खुणेला एसटीचं तिकीट.
मध्यदेशात दहा.
प्रत्यंत जनपदात पाच पुरेत,
त्यातला एक विनय जाणणारा.
तिकडची माती काळी, टणक, गुरांच्या खुरांनी तुडवलेली,
म्हणून जाड तळाची पायताणंही चालतील.

प्रत्यंत म्हणजे?

सीमाभाग.

पंखा तेवढा फिरत होता.
यल्लाप्पा मेस्त्री उठले.
हिंडलग्याला अठरा दिवस काढलेत त्यांनी,
पाठीवर एक वळ अजून पाऊस सांगतो.
"जल्मभर वरडलो, आमी कडंचं न्हवं.
आता आपल्याच हातानं लिहून द्यायचं,
आमी कडंचं, आमाला सवलत द्या?"
कुणी हसलं. हसणाऱ्याला कुणी शिवी दिली.
ती लिहिली नाही.

आई दाराशी बसलेली.
चाळीस वर्षं विड्या वळलेली बोटं
रिकामी असली तरी दोरा गुंडाळत राहतात.
"हजारी पन्नास छाट काढायचा चेकर.
पान वाकडं म्हणायचा, पैसं कापायचा.
आन्‌ छाट टाकायचा व्हय? इकायचाच की.
वडणाऱ्याला धूर त्योच."
आई नेमकी कुणाच्या बाजूनं बोलली
यावर दहा मिनिटं वाद.

मला भन्तेंनीच सांगितलेलं आठवत होतं.
वेदगंगेत दोन नावा एकमेकींना बांधून सहा जण.
चहूबाजूंना पाणी उडवायचं, ते जिथं पडेल ती सीमा.
काम होईपर्यंत टिकते, मग नदी पुढं जाते.
सातवा निघाला होता,
त्याची गाडी संकेश्वरला बंद पडली.
भन्ते हे सांगताना दरवेळी हसायचे,
आम्हीही.
तेव्हा कुणी मोजत नव्हतं.

ठराव मतास टाकण्याआधी प्रमोद फ्लेक्स गुंडाळून निघाला,
मागोमाग त्याची पोरं.
यल्लाप्पा चप्पल शोधत बराच वेळ बाहेर उभे होते,
मग तेही गेले.
राहिलो पाच.
नियमावलीप्रमाणे गणपूर्ती सात.

"मांड की आकडा," भाऊसो म्हणाले,
"पुस्तकात बसतंय."
"एक जाणता लागतो त्यात," कोमल म्हणाली
आणि पुस्तक मिटलं, तिकीट बाहेरच राहिलं.
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
आईनं माझ्याकडे.

उपस्थित: पाच.
ठराव: तहकूब.
पुढील सभा येत्या रविवारी, लाईट असल्यास.