खोकल्याची वही

पाचपावलीच्या पुलाखाली माझं मेडिकल.
शटर अर्धं, कूलरला नवीन खस.
मे महिन्यात दुपारी दोनला
रस्त्यावर कुत्रंही नसतं,
तेव्हा येतात त्या.
दुपट्टा तोंडाला, नुसते डोळे.
उन्हाचा एवढा एकच उपकार,
सगळ्यांचीच तोंडं बांधलेली,
कोण कुणाची सून, विचारायला नको.

"ताई, ते द्या."
ते.
एकोणीस वर्षांत एकीनंही नाव घेतलं नाही,
नवऱ्याचं घेत नाहीत तसं.
मीही उधारीच्या वहीत लिहीत नाही.
लिहिते, खोकल्याचं औषध.
महिनाअखेर गडी येतात पैसे चुकवायला.
"काऊन जी, एवढा खोकला?"
"धूळ आहे ना भाऊ, खोदकामाची."
वही वाचाल तर वाटेल
अख्खी गल्ली खोकतेय एकोणीस वर्षं,
बायकाच फक्त.
गडी ठणठणीत.

हेडाऊंच्या प्रणालीला गोळी सोसत नाही.
पहिल्या पाकिटाला ओकाऱ्या, दुसऱ्याला डोकं,
तिसरं परत घेऊन आली, चार गोळ्या कमी.
सरकारी दवाखान्यात फुकट आहे, म्हणतात लोक.
आहे ना.
जे शिल्लक आहे ते फुकट आहे.
सोमवारी इंजेक्शन संपलेलं,
गुरुवारी तांबी आहे, बसवणारी सुटीवर.
ऑपरेशन तेवढं केव्हाही,
ते कधी संपत नाही.
प्रणाली चोवीसची. एक पोरगी.
"मले कधीच नाही, असं नको जी,
मले आत्ता नाही, असं पायजे."
खासगीत तांबीचा भाव काढून आली,
बोटांवर मोजला :
एकशे वीस साड्यांचे फॉल.

मंगळवारी चुडीवाला येतो.
पेटीत दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ.
आधी हात दाबून बघतो, मग काच काढतो.
काचेला माप लागतं, बापा.

आमची पंधराजणींची भिशी.
त्या महिन्यात चिठ्ठी निघाली नुसरतची,
तिला कूलर घ्यायचा होता.
तिनं पाकीट उचललं, मोजलं,
आणि प्रणालीच्या मांडीवर ठेवलं.
"तुझा खोकला बघ आधी.
उन्हाळा काय, पुढच्या सालीही येतो."
एक क्षण कुणीच बोललं नाही.
मग कोपऱ्यातली एक खोकली,
मग दुसरी,
मग हसून हसून पंधराहीजणींना
खरोखरचा ठसका लागला.

पण चिठ्ठी महिन्याला एकच निघते.

आणि जुलैत ऊन उतरतं, दुपट्टे सुटतात.
ओळखीचे चेहरे दुकानापुढून
भाजीच्या पिशव्या घेऊन सरळ निघून जातात.
पाकिटं माझ्याकडे पडून राहतात,
वहीत खोकला एकदम बरा होतो.

चैत्रात गल्लीत बारशी.
ओळीनं तीन, कधी चार.
घुगऱ्यांची वाटी दुकानात येते, झाकून.
मी खाते.
तारीख बघते, आणि वहीची मागची पानं चाळते.