मालकाचे नाव

लाळ-खुरकुताच्या रजिस्टरात मागची चाळीस पानं कोरी होती,
म्हणून सुरू केलं.
दवाखाना गुरांचा, गाव बोडीकाठचं,
दुपारी दोननंतर इथे शेळीसुद्धा आजारी पडत नाही.

चैत्रात पहिली नोंद तांबटाची.
तो काही नवलाचा नाही, बाराही महिने असतो.
पण त्या दिवशी पिंपळावरचा त्याचा ठोका
आणि शामलालच्या ऐरणीवरचा घण
एका तालात आले,
आणि दोघंही दचकून थांबले.

मग माणसं सांगू लागली.
डोंगरवार लाईनमनचा फोन, खांबावरूनच:
"आंब्याच्या राईत पांढरं पाखरू हाय बाप्पा,
हातभर फीत लोंबते मागं.
लाईट बंद हाय तोवर येऊन पाहा."
मी पोचलो तर लाईट आली होती.
स्वर्गीय नर्तक, नर. पुढे लिहिलं: ऐकीव.

मेळघाटातून मेव्हणा म्हणाला, सागाला पान नाही,
भरदिवसा रानपिंगळा उघड्या फांदीवर,
शेपूट डावीउजवीकडे झटकत,
जसं कुणी उधारी मागायला आलंय.
वर्ध्याच्या मामेबहिणीकडे
शिंजिरानं कूलरच्या वायरीला घरटं टांगलं.
चव्वेचाळीस अंशांत सगळं घर ओसरीत झोपतं,
कूलर बंद.

वैनगंगेच्या रेतीत नदी सुरय.
दुलीचंद ढिवरानं दाखवलं, पण बोटानं नाही, हनुवटीनं.
"बोट केलं का नदर लागते जी."
दोन अंडी, रेतीच्याच रंगाची.
कितीतरी वेळ दिसली नाहीत,
दिसली तेव्हा माझा पाय हवेत होता.

उन्हाळी धानात सारस. एकच.
जोडी लिहायची सवय,
'जो' लिहून खोडलं.
इंद्रकला बांधीतून म्हणाली,
"दुसरा आला नाही यंदा.
हा रोज सकाळी अर्धंच वरडते,
मंग थांबते, बाकीच्याची वाट पाहाते."
त्यावर मी काही लिहिलं नाही.

मेच्या एकोणीसला पहाटे
व्हरांड्याच्या काचेखाली नवरंग पडलेला.
हिरवी पाठ, खांद्यावर निळ्याचा तुकडा,
शेपटीखाली लाल, ओल्या कुंकवासारखा.
दक्षिणेतून येतात म्हणे, रातोरात.
एवढं रान ओलांडून
त्याला आडवी आली आमची काच,
जिच्यात आभाळ दिसायचं नाही एरवी.
परवाच मी ती पुसली होती.

डॉक्टर मोरगावला. मी कंपाउंडर.
औषधाच्या तराजूवर अठ्ठावन्न ग्रॅम.
रजिस्टर पुढून उघडलं, खऱ्या बाजूनं.
जनावराचा प्रकार: पाखरू.
वय: माहीत नाही.
लक्षणं: चोच उघडी, डोळे मिटलेले.
उपचार: लसीचं खोकं, पेन्सिलीनं भोकं, अंधार.
मालकाचे नाव:

इथे पेन अडलं.

गिरजाबाई पोटफुगीची शेळी घेऊन आली,
शेळीला तेल पाजून झालं तरी उठेना.
"काय हाय खोक्यात?"
सांगितलं. ती बसलीच.
तिला बघून शामलाल बसला, त्याला बघून दोन पोरं,
दुपारभर कुणी मोठ्यानं बोललं नाही,
शेळी सोडून.

पाचाच्या सुमाराला आत खरखर झाली.
बांबूच्या बेटात खोकं आडवं ठेवलं.
तो बाहेर आला, उभा राहिला,
एक वाळकं पान उलटलं, खाली पाहिलं,
आणि मग तिथे फक्त पानं होती.
अंधारायच्या जरा आधी
बेटातून दोन सुरांची शीळ आली. एकदाच.
पोरं म्हणाली, तोच. मी म्हटलं, असेल.

"रकाना रिकामा ठेवला तर साहेब विचारतील," मी म्हटलं.
गिरजाबाईनं कमरेची पिशवी सोडली,
केसपेपरचे दोन रुपये टेबलावर ठेवले.
"माझं टाक."

पावती फाडली.
शेळीची वेगळी.